बेंजामिन फ्रँकलिन यांचे आठ समुद्रप्रवास

श्रोतेहो, नमस्कार.

बेंजामिन फ्रँकलिन हे नाव आपल्याकडे शाळेच्या पुस्तकातून येते ते पतंगासह. ढगांत पतंग सोडून विजेचे स्वरूप ताडणारा शास्त्रज्ञ ही ओळख मनात इतकी पक्की बसलेली असते, की अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर आणि पुढे राज्यघटनेवरही सही करणारा मुत्सद्दी तिच्याआड झाकला जातो. आज मी या मुत्सद्द्याच्या प्रवासांविषयी बोलणार आहे. शिडाच्या जहाजाला अटलांटिक पार करायला महिन्यापासून अडीच महिन्यांपर्यंत कितीही वेळ लागे, त्या काळात, १७२४ ते १७८५ या वर्षांत, त्यांनी तो महासागर आठ वेळा ओलांडला. सभा गाजवणारे वक्ते म्हणून त्यांची ख्याती कधीच नव्हती; त्यामुळे ब्रिटिश साम्राज्याचा अभिमान बाळगणारा हा माणूस त्याच साम्राज्याशी दावा मांडून कसा उभा राहिला आणि त्यापायी त्याच्या घराचे काय झाले, हे त्यांच्या भाषणांपेक्षा या फेऱ्यांतूनच अधिक कळते, असे मला वाटते.

फ्रँकलिन यांचा जन्म १७०६ साली बोस्टनमध्ये, मेणबत्त्या आणि साबण करणाऱ्या जोसाया फ्रँकलिन यांच्या भरल्या घरात झाला. समुद्रावर जाण्याची ओढ त्यांना लहानपणापासून होती. वडिलांनी मात्र त्यांना थोरला भाऊ जेम्स याच्या छापखान्यात कराराने उमेदवार म्हणून बांधून टाकले. भावाची मारहाण असह्य झाली तेव्हा सतराव्या वर्षी करार मोडून ते पळाले आणि न्यूयॉर्कला काम मिळेना म्हणून वादळात सापडलेली होडी, भर पावसातली कित्येक मैलांची पायपीट आणि शेवटी नदीत वल्ही मारणे असे करत फिलाडेल्फियाला पोहोचले. त्या शहरात प्रथम शिरताना त्यांच्या दोन्ही काखांत एकेक मोठा पाव होता आणि तिसरा ते खात चालले होते. या ध्यानाकडे दारात उभी राहून पाहणारी मुलगी म्हणजे डेबोरा रीड, पुढे त्यांची पत्नी.

पहिली समुद्रफेरी ही एक फसवणूकच होती. फिलाडेल्फिया ज्या पेनसिल्व्हेनिया वसाहतीत येते, तिचे गव्हर्नर विल्यम कीथ यांनी छापखान्याचे सामान आणण्यासाठी लंडनला जा, पतपत्रे जहाजावर पोहोचती करतो, असे सांगून या तरुणाला १७२४ मध्ये रवाना केले. लंडनला उतरल्यावर कळले, की गव्हर्नरसाहेबांनी पत्रे लिहिलीच नव्हती, आणि लंडनमध्ये त्यांची पत अशी काही नव्हतीही. फ्रँकलिन यांनी तिथल्या छापखान्यांत काम करून दिवस काढले. १७२६ च्या परतीच्या प्रवासात त्यांनी रोजनिशी ठेवली. समुद्रात तरंगणारे शेवाळ बाहेर काढल्यावर त्याला चिकटलेले बारीक खेकडे त्यांना दिसले. हे खेकडे शेवाळातूनच जन्मतात की काय, असा संशय येताच त्यांनी त्याची एक फांदी खाऱ्या पाण्यात ठेवून वाट पाहिली. तर्क चुकीचा होता, पण विसाव्या वर्षीची ही खोड अखेरपर्यंत सुटली नाही.

मधली तीस वर्षे मी भराभर ओलांडतो. छापखाना, वर्तमानपत्र, पंचांग, सार्वजनिक वाचनालय, विजेचे प्रयोग, आणि १७५३ पासून उत्तर अमेरिकेतील वसाहतींच्या टपालखात्याचे उपप्रमुखपद. या पदाच्या निमित्ताने त्यांनी व्हर्जिनियापासून न्यू इंग्लंडपर्यंत टपालाचे रस्ते पालथे घातले. १७६३ च्या एका दौऱ्यातच सुमारे १,६०० मैल झाले. फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क यांच्या दरम्यान टपालाचे घोडेस्वार रात्रीही धावतील अशी व्यवस्था झाली. तेरा वसाहती एकमेकींकडे पाठ करून लंडनकडे तोंड करून उभ्या असताना त्या साऱ्यांच्या वाटा पायांखालून गेलेली माणसे फार थोडी होती.

१७५७ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या विधानसभेने त्यांना आपला वकील म्हणून लंडनला पाठवले. पेशव्यांचे वकील निरनिराळ्या दरबारांत असत, तशीच काहीशी ही नेमणूक होती. वसाहतीचे मालक असलेले पेन घराणे स्वतःच्या जमिनीवर कर द्यायला तयार नव्हते, हे गाऱ्हाणे राजदरबारी घालायचे होते. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला पोहोचलेल्या फ्रँकलिन यांना सेनापती लॉर्ड लाउडन यांच्या धरसोडीमुळे जूनपर्यंत तिथेच अडकून पडावे लागले. पुढे इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ मध्यरात्री जहाज खडकांवर आपटता आपटता वाचले, तेही दीपगृहाचा उजेड ऐन वेळी दिसला म्हणून. किनाऱ्याला लागल्यावर त्यांनी पत्नीला लिहिले, की मी कॅथलिक असतो तर एखाद्या संताला देऊळ बांधण्याचा नवस बोललो असतो, पण मला नवस करायचाच तर मी दीपगृहाचा करीन.

या फेरीत त्यांच्याबरोबर मुलगा विल्यम होता, आणि पीटर व किंग हे दोन गुलामही होते. किंग इंग्लंडमध्ये पळून गेला आणि नंतर एका बाईंच्या आश्रयाने लिहायला, वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकत असल्याचे कळले. स्वतः करार मोडून पळालेल्या माणसाने गुलाम बाळगावेत, हे चरित्र वाचताना खुपते. उतारवयात ते गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष झाले आणि १७९० मध्ये त्यांनी अमेरिकेच्या काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे, गुलामगिरीविरुद्ध अर्जही केला, तरीही ते खुपायचे राहत नाही.

डेबोरा मात्र बरोबर नव्हत्या. त्यांना समुद्राची विलक्षण धास्ती होती. पहिल्या खेपेला पाच वर्षे आणि १७६४ पासून दहा वर्षांहून अधिक काळ फ्रँकलिन लंडनच्या क्रेव्हन स्ट्रीटवर बिऱ्हाड करून राहिले. १७६५ मध्ये वसाहतींतल्या छापील आणि कायदेशीर कागदांवर कर बसवणारा स्टँप कायदा आला, तेव्हा त्याची चीड वसाहतींत किती खोल आहे याचा लंडनमध्ये बसून त्यांना अंदाज आला नाही. त्यांनी आपल्याच एका स्नेह्याचे नाव त्या खात्याच्या नोकरीसाठी सुचवले. फिलाडेल्फियात जमाव त्यांच्या घरावर चालून येण्याची वेळ आली, आणि डेबोरांनी घर सोडायला नकार देऊन बंदुकांसह पहारा बसवला. पुढच्या फेब्रुवारीत ब्रिटिश संसदेसमोर साक्ष देताना फ्रँकलिन यांनी त्या कायद्याविरुद्ध जी नेमकी उत्तरे दिली, त्यांनी त्यांचे नाव सावरले. पण तोवर घर सावरले होते ते डेबोरांनी.

याच मुक्कामातली टपालाची एक हकीकत जरा विस्ताराने सांगण्यासारखी आहे. इंग्लंडमधल्या फालमथ बंदराहून न्यूयॉर्कला येणाऱ्या सरकारी टपालबोटींना साध्या व्यापारी जहाजांपेक्षा दोनेक आठवडे जास्त लागतात, अशी तक्रार आली. फ्रँकलिन यांनी कारण विचारले ते आपले नातलग, नॅनटकेट बेटावरचे कप्तान टिमथी फोल्जर यांना. फोल्जर देवमाशांच्या शिकारीतले जाणते. मेक्सिकोच्या आखाताकडून येणारा एक जोरदार प्रवाह अमेरिकेच्या किनाऱ्याला समांतर वाहत जातो. देवमासे त्या प्रवाहात शिरत नाहीत, त्याच्या कडेकडेने असतात, म्हणून शिकारी लोकांना त्याची हद्द पाठ होती. ताशी तीन मैलांच्या या ओघाशी झुंजत बसलेल्या टपालबोटी त्यांना वाटेत भेटत, आणि ते कप्तानांना बाजूने जायला सांगतही. पण साध्या अमेरिकन कोळ्यांकडून शहाणपण ऐकण्याइतके ते कप्तान लहान नव्हते. फ्रँकलिन यांनी फोल्जरकडून तो प्रवाह नकाशावर आखून घेतला आणि लंडनमध्ये छापवला. गल्फ स्ट्रीमचा हा पहिला छापील नकाशा. इंग्रज कप्तानांनी त्याकडेही लक्ष दिले नाही. त्याची छापील प्रत पुढे इतकी दुर्मिळ झाली, की विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ती सापडली, तेव्हा ती बातमी झाली.

वसाहतींच्या तक्रारींचीही लंडनमध्ये हीच गत होत होती. २९ जानेवारी १७७४ रोजी प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळापुढे, सॉलिसिटर जनरल वेडरबर्न यांनी मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरची खाजगी पत्रे फोडल्याचा ठपका ठेवून फ्रँकलिन यांना तासभर झोडपले. सभासद हसत होते. अडुसष्ट वर्षांचे फ्रँकलिन मखमली पोशाखात, चेहऱ्यावरची रेघही न हलवता, उभे होते. लगोलग टपालखात्याची नोकरी गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस, पतीची दहा वर्षे वाट पाहून, डेबोरा वारल्या. मार्च १७७५ मध्ये ते परत निघाले. जहाजावर त्यांनी फसलेल्या वाटाघाटींची लांबलचक हकीकत विल्यमला उद्देशून लिहिली, आणि मधूनमधून तापमापक समुद्रात सोडून गल्फ स्ट्रीमच्या पाण्याची ऊब मोजली. किनाऱ्याला लागले तेव्हा लढाईला तोंड लागलेले होते.

१७७६ च्या ऑक्टोबरात, सत्तरी ओलांडलेली असताना, ते इंग्रजांविरुद्धच्या लढाईत फ्रान्सची मदत मिळवण्यासाठी ‘रिप्रायझल’ या जहाजाने तिकडे निघाले. इंग्रज आरमाराच्या हाती सापडते तर राजद्रोहाबद्दल फाशीच होती. बरोबर दोन नातू होते: मुलीचा सात वर्षांचा मुलगा आणि विल्यमचा मुलगा टेंपल. तीस दिवस खारवलेले मांस चावत काढल्यावर त्यांच्या अंगात उभे राहण्याचेही त्राण उरले नव्हते. ६ फेब्रुवारी १७७८ रोजी फ्रान्सशी तहावर सह्या झाल्या, तेव्हा त्यांच्या अंगावर वेडरबर्नच्या शिव्या ऐकलेला तोच मखमली पोशाख होता, असे त्यांचा चिटणीस बॅन्क्रॉफ्ट सांगत असे. हा बॅन्क्रॉफ्ट स्वतः इंग्रजांचा हेर होता, हे उघड व्हायला पुढे शंभर वर्षे जावी लागली.

शेवटची फेरी फ्रान्सहून परतीची, १७८५ ची. मूतखड्याच्या विकारामुळे घोडागाडीचे हिसके सोसवत नव्हते, म्हणून राणीचा खेचरांवरचा मेणा त्यांना बंदरापर्यंत मिळाला. वाटेत साउदॅम्प्टनला विल्यम भेटायला आला. बापाच्याच वजनाने न्यू जर्सीचा गव्हर्नर झालेला विल्यम युद्धात राजाच्या बाजूने राहिला होता आणि त्याने कैदही भोगली होती. चार दिवसांच्या त्या मुक्कामात बोलणी झाली ती जमिनीची आणि देण्याघेण्याची, आणि कागद टेंपलच्या नावे झाले. दोघे पुन्हा भेटले नाहीत. मग जहाजावर एकोणऐंशी वर्षांच्या फ्रँकलिन यांनी शिडांची रचना, जहाजाच्या तळात चिनी पद्धतीचे पाणबंद कप्पे आणि गल्फ स्ट्रीम यांवर मोठा निबंध लिहिला.

१७८८ च्या मृत्युपत्रात त्यांनी विल्यमला नोव्हा स्कोशियातील जमीन आणि त्याच्याजवळ आधीच असलेली पुस्तके व कागदपत्रे ठेवली. त्यापुढे त्यांनी लिहिले, की गेल्या युद्धात तो माझ्याविरुद्ध कसा वागला हे सर्वश्रुत आहे, आणि जी मिळकत माझ्यापासून हिरावण्याचा त्याने प्रयत्न केला तीतून मी त्याला याहून अधिक का दिले नाही, याचा उलगडा त्यावरून होईल.