जिभेखाली दोन मिनिटं

नमस्कार श्रोतेहो. खिचडी, कोशिंबीर, भरली वांगी, वडापावची सुकी चटणी. शेंगदाण्याचा कूट कुठे नसतो? ज्या घरातल्या लेकराला तो कूट सोसत नाही, त्या घरासाठी आज बोलायचं आहे. अन्नाच्या ॲलर्जीवर जिभेखाली थेंब ठेवून करायचा उपचार, हा आपला विषय.

पण आधी एका अंड्याची गोष्ट ऐका. ती ऐकली की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

१९०८ साल. 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात डॉक्टर स्कोफील्ड यांनी एका तेरा वर्षांच्या मुलाची हकिगत छापली. अंड्याचा अंश जरी पोटात गेला, तरी मुलाच्या अंगावर पित्त उठायचं, सूज यायची, दम लागायचा. डॉक्टरांनी लेखाच्या मथळ्यात त्याला ॲलर्जी म्हटलं नाही, अंड्याची विषबाधा म्हटलं. ते साहजिकच होतं. ॲलर्जी हा शब्दच तेव्हा दोन वर्षांचा होता. व्हिएन्नाच्या फॉन पिर्के यांनी तो १९०६ मध्ये घडवला होता.

मग डॉक्टरांनी काय केलं? अंडं बंद करा, एवढं सांगून ते थांबले नाहीत. त्यांनी अंड्याच्याच गोळ्या करवून घेतल्या. एका गोळीत कच्च्या अंड्याचा दहा हजारावा भाग. नीट ऐका, दहा हजारावा. टरफल सोडलं तर अंडं साधारण ५० ग्रॅमचं, म्हणजे गोळीत ५ मिलिग्रॅम अंडं. चिमूटभर मीठसुद्धा याच्या कितीतरी पट भरतं. एवढंसं अंडं रोज द्यायचं, आणि मात्रा अगदी सावकाश वाढवत न्यायची. काही महिन्यांत तोच मुलगा अंडं खाऊ लागला! शरीर ज्या आयजीई नावाच्या प्रतिपिंडामुळे असं बिथरतं, ते सापडायला अजून जवळजवळ साठ वर्षं होती. कारण ठाऊक नसताना त्या डॉक्टरांना वाट सापडली होती. अगदी थोडं, रोज, आणि डॉक्टरांच्या नजरेखाली.

त्या गोळ्या पोटात जायच्या. आजचे थेंब जिभेखाली ठेवतात. तिथल्या त्वचेतल्या पेशी थेंबातलं त्या पदार्थाचं प्रथिन उचलतात आणि शरीराला शिकवतात की हा शत्रू नव्हे. मात्राही फार कमी लागते. शेंगदाणा पोटातून देताना रोजची मात्रा ३०० मिलिग्रॅम प्रथिनापर्यंत नेतात, म्हणजे साधारण एक दाणा. जिभेखाली अमेरिकेतल्या एका अभ्यासात फक्त २ मिलिग्रॅम दिलं गेलं. तीन ते पाच वर्षांनी ४८ पैकी ३२ मुलांना ७५० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रथिन पचलं. ॲलर्जी मुळापासून गेली असं याला म्हणू नका. पण डब्यातून चुकून आलेला दाणा झेपेल, एवढी ताकद बहुतेकांत आली. अमेरिकेने २०२० मध्ये मंजूर केलेलं शेंगदाण्याचं औषध मात्र पोटातून घ्यायचं आहे, थेंबांचं नव्हे.

पहिला थेंब आणि वाढवलेला प्रत्येक थेंब दवाखान्यातच घ्यायचा, नंतर अर्धा तास तिथेच बसायचं. घरी रोज ठरल्या वेळी थेंब जिभेखाली ठेवा, दोन मिनिटं थांबा, मग गिळा. पाच मिनिटं पाणीही नको. तोंडात खाज सुटते, ती बहुधा काही मिनिटांत जाते. थेंब घेऊन लगेच धावत लोकल पकडायची नाही, व्यायाम आणि गरम पाण्याची अंघोळही नको. अंग तापलं की प्रतिक्रिया लवकर उसळते. ताप आला, दात काढला, तोंड आलं, दमा उफाळला, तर थेंब थांबवून डॉक्टरांना विचारा. एखादा दिवस चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका. आणि घरचा कूट पाण्यात कालवून हा प्रयोग करू नका, तिथे मात्रा मोजताच येत नाही.

जाता जाता एक. रक्तातल्या आयजीजी या दुसऱ्याच प्रतिपिंडावरून शंभर पदार्थांची 'ॲलर्जी' दाखवणारी पॅकेजं घेऊ नका. आयजीजी म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता, एवढंच. त्या कागदावरून मुलांचं दूध आणि गहू तोडलेला पाहिला की फार वाईट वाटतं. पाकीटबंद मालावर शेंगदाणा, दूध, अंडं लिहिणं बंधनकारक आहे. सुट्या फरसाणाच्या दुकानातही ते लिहायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

आणि थेंब चालू असोत वा नसोत, ॲड्रिनलिन, म्हणजे जिवावरची प्रतिक्रिया उसळली तर टोचायचं औषध, घरात असू द्या. आपल्याकडे त्याचं तयार पेन सहज मिळत नाही, म्हणून १ मिलीत १ मिलिग्रॅम औषध असलेली १ मिलीची कुपी आणि सिरिंज. वजनाच्या दर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलाला ०.२ मिली. डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, भरायचं कसं ते शिकून घ्या. दम लागला, आवाज बसला, मूल मलूल पडलं, तर पित्ताची गोळी शोधत बसू नका. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत टोचा, मुलाला आडवं करा, दम लागला असेल तर टेकवून बसवा, आणि १०८ लावा.