हरळीचं नाव त्सुकुशी
(लघु माहितीपटाचं निवेदन)

(दृश्य : पहाट. अंगणातली चूल, मोठं पातेलं, वाफ.)

पहाटेचे साडेचार वाजलेत. अमळनेरची ही गल्ली अजून झोपेत आहे, पण या अंगणातली चूल कधीच पेटलीय. पातेल्यात दादर ज्वारीचा घाटा रटरटतोय.

मे महिना म्हणजे आपल्या खान्देशात बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा महिना. ज्वारी आधी भिजत घालायची, मग दळायची, मग हा घाटा. त्यात तीळ, जिरं, लसूण, मिरची. ढवळायला दोघी लागतात. एकीने पीठ सोडायचं, दुसरीने हात थांबू द्यायचा नाही. गुठळी झाली की गेलं सगळं. आणि घाटा गरम आहे तोवरच थापायचा, कारण गार झाला की कडा फाटतात. या बोटांकडे बघा. चटका बसतो, पाण्यात बुडतात, पुन्हा घाट्यात जातात.

आठ वाजेपर्यंत सगळ्या जणी धाब्यावर. जुनी माणसं गच्चीला अजून धाबंच म्हणतात. खाटांवर जुन्या साड्या अंथरल्यात, त्यांवर ओळीने बिबडे. हात गुंतलेले आहेत आणि कान मोकळे.

पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलेली ही मुलगी काही थापत नाही. गल्लीने तिला थापण्यातून सुट्टी दिलीय. तिचं काम वाचायचं.

(दृश्य : पुस्तकावर कॅमेरा. ती शेवटचं पान उघडते.)

ती पुस्तक मागून उघडते. पहिल्या दिवशी मोठ्या मायने विचारलं होतं, ‘‘हाई पुस्तक उलटं काबर धरेल शे?’’ जपानी कॉमिक उजवीकडून डावीकडे वाचतात. चित्रांच्या चौकटीही उजवीकडून सुरू होतात आणि माणसांच्या तोंडचे फुगेही. तिलाही पहिले आठ-दहा दिवस चुकायला व्हायचं. उत्तर आधी वाचलं जायचं आणि प्रश्न नंतर. आता तिचं बोट आपोआप उजव्या कोपऱ्यावर जातं.

ही प्रेमकथांची कॉमिक आहेत. ती तिच्यापर्यंत कशी आली, ते सांगायला हवं. आधी आली एक कोरियन मालिका, मोबाइलवर, खाली इंग्रजी अक्षरं. २००९ सालची ती मालिका तिने बारावीच्या सुट्टीत पाहिली. मग कळलं, की ही गोष्ट मूळची जपानी आहे, कॉमिकची आहे. योको कामिओ यांनी ती १९९२ पासून ‘मार्गारेट’ नावाच्या मुलींच्या नियतकालिकात भागाभागाने लिहिली आणि काढली. ‘हाना योरी दांगो’. मावसभाऊ पुण्याला शिकायला होता. रद्दीच्या दुकानात त्याला इंग्रजीतले सहा खंड सापडले, तेही सलग नाहीत. पहिला आहे, दुसरा नाही, तिसरा आहे. मधली गोष्ट तिने मोबाइलवर शोधून वाचली. कोपरे दुमडलेले ते सहा खंड, हे बघा, गव्हाच्या कोठीवर ठेवलेत.

‘हाना योरी दांगो’ ही जपानी म्हण आहे. फुलांपेक्षा दांगो बरे, म्हणजे शोभेपेक्षा पोटाला लागतं ते बरं. दांगो म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोळे. लेखिकेने त्यात एक गंमत केलीय. ‘दांगो’ हा शब्द तिने ‘मुलगे’ या अर्थाच्या अक्षरांनी लिहिलाय. घाट्याने माखलेल्या हातांना ही म्हण समजावून सांगावी लागली नाही.

(दृश्य : ती वाचतेय. बायका हसतात.)

पुस्तक इंग्रजीत, वाचणारी मराठी शाळेत शिकलेली आणि ऐकणाऱ्या अहिराणीच्या. एका वाक्याचा प्रवास तिच्या डोक्यात किती वळणं घेतो, ते तिच्या कपाळावरच्या आठीत दिसतं.

नायिकेचं नाव त्सुकुशी. गरीब घरातली मुलगी आहे, श्रीमंतांच्या शाळेत शिकते. त्सुकुशी ही जपानात रानोमाळ उगवणारी वनस्पती, आणि ही मुलगी स्वतःला तणच म्हणवते. तुडवलं तरी पुन्हा उभं राहणारं तण. इंग्रजी शब्दाला मराठीत ‘तण’ म्हटलं असतं तर काम भागलं असतं. तिचं भागलं नाही. दोन दिवस विचार करून तिने सांगितलं, ‘हरळी’.

धाब्यावरच्या प्रत्येकीने कपाशीत निंदणी केलेली आहे. हरळी काय असते ते त्यांच्या नखांना माहीत आहे. वरून उपटली तर खालून येते, खालून खणली तर बांधावरून येते. त्या एका शब्दानंतर त्सुकुशीबद्दल कुणालाही काही समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या मते हा भाषांतराचा उत्तम नमुना आहे, आणि तो पाण्याच्या टाकीच्या सावलीत झाला.

आता तो मुलगा. त्सुकासा दोम्योजी. शाळेतल्या चार बड्या घरच्या पोरांचा म्होरक्या. ज्याच्यावर त्याची खप्पामर्जी, त्याच्या कपाटावर लाल चिठ्ठी लागते आणि मग सगळी शाळा त्या मुलाच्या मागे लागते. त्सुकुशीला चिठ्ठी लागते. ती त्याच्यासमोर उलटून उभी राहते. आणि तो तिच्या प्रेमात पडतो.

इथे धाब्यावर दोन तट पडले. तरुण सुनांचं म्हणणं, तो बदलला की नाही ते बघा. तिच्यासाठी भांडतो, घर सोडायला तयार होतो. मोठी माय एका प्रश्नावर अडून बसली. ‘‘त्यानी माफी मांगी का?’’ पुढचा भाग वाचला, तरी तोच प्रश्न. त्याने महागडी वस्तू दिली, तोच प्रश्न. तो पावसात उभा राहिला, तोच प्रश्न.

शांत, व्हायोलिन वाजवणारा रुई हानाझावा जगभरच्या वाचकांचा लाडका आहे. इथे तो कुणाच्या खिजगणतीत नाही. इथे सगळ्यांचं लक्ष दोम्योजीच्या आईवर. मोठी कंपनी चालवणारी, करारी बाई. हरळीसारखी मुलगी घरात येऊ नये म्हणून ती पैसा आणि वजन दोन्ही वापरते. तिचा चेहरा पानावर आला की थापणारे हात थांबतात. हे बघा. इथे थांबले.

(दृश्य : वही. पानावर घाट्याचा वाळलेला डाग.)

ही दोनशे पानी वही. ती रोज संध्याकाळी लिहिते. डाव्या बाजूला भाग कितवा, उजव्या बाजूला कोण काय म्हणालं. स्वतःचं मत वेगळ्या शाईने, हिरव्या. एका पानावर डाग आहे, त्याच्याखालची अक्षरं फुगलीयेत. तेवढ्यातूनही वाचता येतं : ‘काकू : मुलगा चांगला. पण चांगला असून उपयोग काय?’

ही नोंद दुसऱ्या कॉमिकची आहे. कारुहो शीना यांचं ‘किमी नी तोदोके’. ३० खंडांचं, २०१७ मध्ये संपलेलं. त्यातली सावाको लांब काळ्या केसांची, अबोल. वर्ग तिला भुताटकीच्या सिनेमातल्या बाईच्या नावाने हाक मारतो, तिला घाबरतो. काझेहाया तेवढा तिच्याशी नीट बोलतो. त्याला ती आवडते, तिला तो आवडतो, आणि दोघांनाही वाटतं की समोरच्याच्या मनात नाही. हे असं खंडामागून खंड चालतं.

धाब्याचा धीर सुटला. काकूंचं त्या दिवशीचं वाक्य वहीत अधोरेखित आहे : ‘‘याले बठ्ठं शे, तोंडच नई शे.’’ म्हणजे याच्याकडे सगळं आहे, तोंडच नाही.

त्या नोंदीखाली हिरव्या शाईत अर्धं पान आहे. तिचं म्हणणं, हा उशीर म्हणजेच ती गोष्ट आहे. सावाकोला लहानपणापासून कुणी सरळ उत्तर दिलेलं नाही. आपल्यावर कुणाचं प्रेम बसू शकतं, हे तिला ओळखूच येत नाही. मग ती पटकन बोलेल कशी? लेखिका वेळकाढूपणा करत नाही, ती सावाकोच्या चालीने चालते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीने, परीक्षेत कुणी विचारणार नाही अशा पुस्तकावर हे लिहिलंय.

आणि कुरुमी. बाहुलीसारखी दिसणारी, काझेहायावर शाळेच्या आधीच्या वर्षांपासून जीव असलेली. सावाकोबद्दल खोट्या अफवा तीच उठवते. प्रेमकथेत अशी मुलगी आली की वाचणारा तिला लगेच खलनायिका ठरवतो. इथे तसं झालं नाही. मोठी माय म्हणाली, ‘‘ती वाईट नई शे, ती एकली शे.’’ पुढच्या खंडांत ती काझेहायाला मन सांगते, नकार घेते आणि सावाकोशी तिचं नातं सरळ होत जातं. ते वाचायच्या कितीतरी आधी मोठ्या मायने ते ओळखलं होतं. तारीख वहीत आहे.

(दृश्य : प्रताप हायस्कूलची इमारत, बाहेरून. मग रस्ता, रिक्षा, मुलं.)

याच गावात १९२४ पासून सहा वर्षं साने गुरुजी शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं दैनिक हाताने लिहून काढत. हाताने लिहिलेल्या वहीची या गावाला सवय आहे. १९५२ मध्ये इथे मराठी साहित्य संमेलन भरलं, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत ९७ वं अखिल भारतीय संमेलनही इथेच. संमेलनाच्या मांडवात पात्रांबद्दल, कथानकाबद्दल जे बोललं जातं, तेच या धाब्यावर बोललं जातं, असं आम्ही ठामपणे म्हणतो. या मुलीने एका वाचनालयात अशी पुस्तकं मागितली, तर ‘कार्टून ठेवत नाही’ असं उत्तर मिळालं. ठेवायला हवीत. वहीची झेरॉक्स घेऊन जा आणि त्या कपाटाजवळ उभं राहून वाचा, मग सांगा का नकोत.

(दृश्य : रात्र. अंधारात मोबाइलचा उजेड चेहऱ्यावर. आधी निळा, मग गुलाबी.)

रात्रीचं वाचन वेगळं. ते एकटीचं.

कोरियात नेव्हर कंपनीने २००४ साली वेबटून सुरू केलं. ही कॉमिक पान उलटून वाचायची नसतात. अंगठ्याने वर सरकवायची, आडातून दोर ओढावा तशी. दोन चित्रांमधली मोकळी जागा म्हणजे वेळ. जागा थोडी, तर उत्तर लगेच आलं. जागा लांबली, की समोरचा गप्प आहे. तिचा अंगठा कुठे मंदावतो ते बघा. आठवड्याला एक भाग, आणि भाग संपतो तो नेमका दार उघडताना. पुढचा आत्ताच हवा असेल तर पैसे, नाहीतर आठवडाभर थांबा. ती थांबते. मधल्या सहा दिवसांत तिच्या वहीत पुढच्या भागाचे चार-चार अंदाज असतात.

चेहऱ्यावरचा हा निळा आणि गुलाबी रंग ‘लोर ऑलिंपस’चा. न्यूझीलंडच्या रेचेल स्माइथ यांनी २०१८ ते २०२४ चालवलेली कथा, ग्रीक पुराणातल्या हेडीस आणि पर्सेफनीची. तो निळा, ती गुलाबी. ही कथा तिने धाब्यावर वाचली तेव्हा पहिलीच हरकत वयाची आली. पर्सेफनी एकोणीस वर्षांची, हेडीस हजारो वर्षांचा देव. ‘देव असला म्हणून काय झालं?’ वाचणाऱ्या मुलीने खूप समजावलं. तो तिला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही, तिच्यावर ज्याने जबरदस्ती केली तो दुसराच. कुणी ऐकलं नाही. वहीत त्या दिवशी हिरवी शाई नाही. दोन दिवसांनी एक ओळ आहे : ‘त्यांचंही खरं असेल.’

(दृश्य : दुपार. वाळलेले बिबडे साडीवरून सोडवताना. आवाज.)

हा आवाज ऐका. वाळलेला बिबडा साडीवरून सुटतो तो.

नात्सुकी ताकाया यांच्या ‘फ्रुट्स बास्केट’मध्ये तोहरू नावाची मुलगी एक गोष्ट सांगते. माणसाचा चांगुलपणा म्हणजे भाताच्या गोळ्याच्या पाठीला लावलेलं आंबट फळ. दुसऱ्याच्या पाठीवरचं आपल्याला दिसतं, स्वतःच्या पाठीवरचं दिसत नाही, म्हणून आपण स्वतःला नुसता कोरडा भात समजतो. आपल्या वाचणाऱ्या मुलीने फळाच्या जागी कैरीची फोड ठेवली आणि भाताच्या जागी भाकरी.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मोठी माय म्हणाली, ‘‘आपली पाठ आपलाले दिसस का?’’ आणि शेजारणीच्या पाठीवर चिकटलेला घाटा नखाने काढला.

(दृश्य : अमळनेर स्टेशन. भुसावळहून येऊन सुरतेकडे जाणारी गाडी.)

त्या उन्हाळ्यात शेवटी वाचलं ते आय याझावा यांचं ‘नाना’. २००० साली सुरू झालेलं. टोकियोला निघालेल्या दोन मुली. बर्फामुळे गाडी अडकते, दोघी शेजारी-शेजारी बसलेल्या आणि दोघींचं नाव नाना. एक आपल्या प्रियकरामागे निघालीय, दुसरी गाण्यामागे. पुढे त्या एकाच घरात राहतात, सातव्या मजल्यावर. नाना म्हणजे जपानीत सात.

ही कथा २१ खंडांपर्यंत आली आणि २००९ मध्ये लेखिका आजारी पडल्याने थांबली. तेव्हापासून थांबलेलीच आहे.

‘‘मंग काय व्हयनं?’’ मोठ्या मायने विचारलं. एवढंच आहे, असं तिने सांगितलं. ‘‘एवढंच कसं?’’ मग पुस्तक हातात घेऊन मोठ्या मायने स्वतः पानं चाळली. न येणाऱ्या भाषेतली पानं, उजवीकडून डावीकडे, बरोबर.

दिवाळीनंतर वाचणाऱ्या मुलीचं लग्न झालं, ती सुरतेला गेली. तेव्हा आम्ही तिथे नव्हतो.

(दृश्य : धाबं. पुढचा मे. खाटा, साड्या, टाकीची सावली.)

वही तिने ठेवून दिलीय, गव्हाच्या कोठीवर, सहा खंडांशेजारी. यंदा टाकीच्या सावलीत काकूंची नववीतली मुलगी बसलीय. ती हळू वाचते, अडखळते. पण पुस्तक मागूनच उघडते. पहिला खंड, पहिलं पान. त्सुकुशी शाळेच्या दारातून आत जातेय.

मोठी माय घाटा थापता थापता मधेच थांबवते आणि सांगते, थांब, आधी हरळी कोण ते सांग.