लागतं का?

(गोव्यातल्या डिचोलीच्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, नमस्कार.

गेली बावीस वर्षं मी इथल्या मुलांना जुडो शिकवतोय. त्याआधी चार वर्षं कोल्हापूरच्या एका तालमीत लाल मातीत होतो. सतराव्या वर्षी गेलो. घरी सांगितलं होतं, शिकायला चाललोय. खोटं नव्हतं ते. तेव्हापासून आजपर्यंत लोकांनी मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न दोनच शब्दांचा आहे : "लागतं का?" बसमध्ये शेजारचा माणूस माझ्या डाव्या कानाकडे बघतो, मग जरा वेळ खिडकीबाहेर बघतो, आणि म्हापसा यायच्या आत विचारतोच.

लागतं. ते आधी उरकून टाकू. लढत चालू असताना बहुतेक वेळा लागल्याचं कळतच नाही. अंगात अ‍ॅड्रेनॅलिन चढलेलं असतं, लोकांचा गोंगाट कुठेतरी लांब गेलेला असतो आणि दुखणं उधारीवर राहतं. वसुलीला येतं ते रात्री. तुम्हा डिचोलीकरांना हे वेगळं सांगायला नको. शिगम्यात कमरेला लाकडी घोडा बांधून, तलवार उगारून घोडेमोडणी नाचणाऱ्याला नाचताना विचारा, जड वाटतंय का म्हणून. घोडा उतरवल्यावर कंबर काय ते बोलते. याला एक अपवाद मी स्वतः चाखलाय, यकृतावरचा ठोसा. उजव्या बरगड्यांखाली बसतो. क्षणभर काहीच होत नाही, वाटतं, निभावलं. मग पाय आपले राहत नाहीत. डोकं शाबूत असतं, उठायला हवं हे कळत असतं, पण शरीर जागचं हलत नाही. त्यानंतर मी बॉक्सिंगच्या वाटेला गेलो नाही.

आता कान. तो कुणी एका फटक्यात मोडलेला नाही. कुस्तीत खडाखडी असते, म्हणजे दोघं मानेवर हात टाकून, डोक्याला डोकं लावून एकमेकांचा अंदाज घेतात. त्या रोजच्या घासाघाशीत कानाची कूर्चा, म्हणजे कानाला आकार देणारा आतला लवचीक भाग, आणि तिच्यावरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचतं. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण त्या आवरणातूनच होतं. ते सुटलं की कूर्चा मरते आणि तिथं असा वेडावाकडा कडक गोळा तयार होतो. वेळेवर रक्त काढून कान दाबून बांधला तर वाचतो. आम्ही डॉक्टरकडे जात नव्हतो. कान मोडला म्हणजे पोरगा पैलवान झाला, असं मानायचे. शुद्ध मूर्खपणा. माझ्या विद्यार्थ्यांना मी हाताला धरून दवाखान्यात नेतो. तरीही दाढी करताना हा कान दिसला की मला त्यात तीन-चार जणांची डोकी दिसतात, आणि त्यांची नावं मला पाठ आहेत.

माझं सगळं म्हणणं या कानात आहे. लढणाऱ्याचं शरीर त्यानं एकट्यानं घडवलेलं नसतं. तालमीत ज्याच्याशी रोज लढत करायची त्याला 'जोड' म्हणतात. शब्द नीट ऐका. जोर मारायला, बैठका काढायला कुणी लागत नाही. कुस्ती मात्र जोडीशिवाय शिकताच येत नाही.

माझी जोड सांगलीकडचा एक मुलगा होता. मनगट धरलं की त्याची झोप झालीय की नाही ते मला कळायचं. पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, शिरण्याआधी माझ्या मानेवरचा त्याचा अंगठा किंचित सैल व्हायचा. दीड वर्ष हे मला माहीत नव्हतं, माझ्या मानेला माहीत होतं. तो आत शिरायचा तेव्हा मी आधीच पाय मागे टाकलेला असायचा. वस्तादांनी एकदा विचारलं, "तुला कळतं कसं रे?" मी म्हटलं, "काय की." ते म्हणाले, "मग इचार करू नगंस. बिघडंल."

यामागे शरीराचं साधं गणित आहे. डोळ्यांनी पाहून हालचाल करायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात, तीही आधीपासून तयारीत असेल तर. स्पर्शाला त्याहून थोडं लवकर उत्तर मिळतं. झटापटीत तेवढाच फरक पुरतो. ठोसा निघाल्यावर बघणाऱ्याला उशीर झालेलाच असतो, म्हणून मुरलेला बॉक्सरसुद्धा मूठ न बघता खांदा आणि कंबर बघतो. लोइक वाकाँ नावाचा एक फ्रेंच समाजशास्त्रज्ञ १९८८ साली शिकागोतल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या बॉक्सिंगच्या आखाड्यात शिरला. गेला होता वस्तीचा अभ्यास करायला, राहिला तीन वर्षं, आणि शेवटी स्पर्धेत रिंगणातही उतरला. कडेला बसून वहीत लिहिण्यासारखी ही गोष्ट नाही, हे त्याला नाकावर मार खाऊन समजलं. आमच्याकडे त्यासाठी विद्यापीठात जावं लागत नाही, नाक सगळ्यांना असतं.

जिगोरो कानो यांनी १८८२ साली जपानमध्ये जुडो सुरू केला. त्यात फेकण्याआधी समोरच्याचा तोल मोडायचा असतो, त्याला 'कुझुशी' म्हणतात. हा तोल डोळ्यांना दिसेपर्यंत सावरलेला असतो. तो कळतो कॉलर आणि बाही धरलेल्या बोटांना. म्हणूनच दृष्टिहीनांचा जुडो १९८८ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. नियमांत मुख्य बदल एवढाच, की लढत सुरू होतानाच दोघांनी एकमेकांना धरलेलं असतं. २०२४ साली पॅरिसमध्ये आपल्या कपिल परमारनं ६० किलो गटात कांस्यपदक मिळवलं. ती लढत मी मुलांना दाखवली. एक मुलगा म्हणाला, "सर, ह्यांना दिसत नाही असं वाटतच नाही." मी म्हटलं, "तुला तरी कुठे दिसतं?"

माझ्याकडे बारा वर्षांची मुलं येतात तेव्हा त्यांना परक्या माणसाला धरताच येत नाही. बोटांच्या टोकांनी धरतात, गरम पातेलं धरावं तसं. पहिला महिना धरण्यात आणि पडण्यात जातो. पडताना हनुवटी छातीला, हातानं गादीवर सपकन थाप. एका मुलीच्या आईनं सांगितलं, पोर पावसात शेवाळलेल्या अंगणात घसरली, थाप मारली, उठली आणि दूध आणायला गेली. आई बघत राहिली.

पावसाचं निघालंच म्हणून सांगतो. गोव्यातला जुलै आणि जुडोचा जाड अंगरखा यांचं वैर आहे. घाम वाळत नाही, अंगरखा वाळत नाही, गादीला बुरशी येते आणि एकाचा नायटा आठवड्यात पाच जणांना होतो. शरीर एकट्याचं नसतं म्हटलं, त्यात हेही आलं. शौर्याच्या गोष्टींत खाज कुणी लिहीत नाही.

एकाच ठिकाणी जोड नसते : वजनाच्या काट्यावर. तिथं माणूस स्वतःच्या शरीराशी कपटानं वागतो. मी एका स्पर्धेसाठी एप्रिलच्या दुपारी रेनकोट घालून मिरामारच्या वाळूत धावलो होतो, पेल्यात थुंकत घरी आलो होतो, आणि घरात हुमणाचा, म्हणजे माशांच्या आमटीचा, वास सुटला होता. आईशी दोन दिवस बोललो नाही. तिचा काय दोष? त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कुस्तीच्या ५० किलो गटाच्या अंतिम फेरीच्या सकाळी विनेश फोगाट १०० ग्रॅमनं जास्त भरली आणि बाद झाली. अमन सहरावतनं कांस्यपदकाच्या लढतीआधी दहा तासांत ४.६ किलो उतरवले आणि पदक आणलं. आपण एकीसाठी रडलो, दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवल्या. दोघांच्या शरीरांनी भोगलं ते एकच. १९९७ साली अमेरिकेत महिनाभरात तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर अशीच वजनं उतरवताना मेले, तेव्हा कुठे तिथले नियम बदलले. माझ्या वर्गात आता रेनकोट घालून कुणी धावत नाही. मूल वाढलं की वजनगट बदलायचा. काही पालकांना हे पटत नाही, मुलाचं पदक जातं म्हणतात. जाऊ दे.

बाकीचं बोलून सांगता येणार नाही. मागे गादी अंथरली आहे. माझ्या दोन विद्यार्थिनी येतायत, त्यांच्या डोळ्यांवर मी रुमाल बांधणार आहे. त्यांचे पाय बघू नका, मनगटं बघा. आणि पहिल्या रांगेतले काका, मघाशी दारात तुम्हीच विचारलंत ना, लागतं का म्हणून? चपला काढा आणि वर या.