गॅलरीतली हनीसकल

मार्चमधली संध्याकाळ. गंगापूर रोडवरच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत जाळीवर चढलेल्या वेलीला पानांच्या बगलेत जोडीजोडीने फुले आली आहेत. शेंड्याकडची जोडी आज उमललेली, म्हणून शुभ्र. तिच्या खालची कालपरवाची, म्हणून पिवळसर. चिनी भाषेत या वेलीला ‘सोन्याचांदीचे फूल’ म्हणतात, ते याच रंगबदलामुळे. हिचे शास्त्रीय नाव लोनिसेरा जापोनिका. त्यातला ‘लोनिसेरा’ सोळाव्या शतकातील जर्मन वैद्य आणि वनस्पतिज्ञ आडाम लोनिट्सर यांच्या नावावरून आला आहे.

नाशिकच्या रोपवाटिकेत ‘हनीसकल’ मागितली, तर पुष्कळदा हाती मधुमालती पडते. या गॅलरीत पहिल्यांदा आलेले रोपही मधुमालतीचेच निघाले, आणि ते कळायला पहिला बहर यावा लागला. इंग्रजीत मधुमालतीलाही ‘चिनी हनीसकल’ म्हणत असल्यामुळे सगळा दोष विक्रेत्याच्या माथी मारता येत नाही. तिची पाच पाकळ्यांची फुले लांब देठासारख्या नळीवर घोसाने लोंबतात आणि पांढऱ्यावरून गुलाबी, मग लाल होतात. रोप फुलावर नसेल, तर जुन्या फांदीवरून बोट फिरवून पाहावे: मधुमालतीच्या गळलेल्या पानांच्या देठांचा बुडखा काट्यासारखा बोटाला टोचतो, हनीसकलची कोवळी फांदी मात्र लवदार लागते.

कुंडी चौदा ते सोळा इंचांची घ्यावी आणि तिच्यात आपली काळी माती तशीच भरण्याचा मोह टाळावा. ही माती भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ तळाशी उतरते आणि मुळांचा गोळा कोरडाच राहतो. पोयटा माती, चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी जाड वाळू हे मिश्रण पुरेसे आहे. वेलीला सकाळचे ऊन हवे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो तेव्हा दुपारी सावली द्यावी आणि कुंडीच्या तोंडावर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे.

छाटणीच्या बाबतीत नाशिककराचा हात तयार असतो, पण नेमकी तीच सवय येथे आडवी येते. द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी ठरलेली असते. हनीसकल एप्रिलमध्ये खरडली, तर ऐन बहरच कात्रीखाली जातो. हिची फुले नव्या फुटीवर येत असल्यामुळे थंडी ओसरताना, म्हणजे जानेवारीअखेरीस, साल सुटलेल्या जुनाट फांद्यांपैकी साधारण एक तृतीयांश बुंध्यापासून काढाव्यात. हे केले नाही, तर वरती गुंता आणि खाली उघडी लाकडे, असे वेलीचे रूप होते.

पानांवर पांढरी भुकटी दिसली, तर ती भुरीच आहे. द्राक्षावरची भुरी मात्र वेगळ्या बुरशीची, त्यामुळे बागेतून ती येथे आली असे समजू नये. गर्दीच्या फांद्या काढून हवा खेळती ठेवणे हा पहिला उपाय. कोवळ्या शेंड्यांवर मावा बसला, तर आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून पाहावा, निंबोळी तेल त्यानंतर.

फुलांनंतर येणारी काळी फळे खाण्याची नाहीत. घरात लहान मुले असतील, तर ती वेळीच खुडावीत. छाटलेल्या फांद्याही ओढ्याकाठी किंवा मोकळ्या प्लॉटवर टाकू नयेत, कारण ओली माती लागली की त्यांच्या पेरांना मुळे फुटू शकतात. शोभेसाठी अमेरिकेत नेलेली हीच वेल तेथील रानांत झाडाझुडपांना वेढून बसली आहे.

पेराला मुळे धरण्याचा हाच गुण घरी मात्र कामी येतो. जुलैमध्ये एक लांब फांदी न तोडता शेजारच्या कुंडीत वाकवावी, तिचे एक पेर मातीत दाबून वर दगड ठेवावा आणि हलक्या हाताने ओढून पाहिल्यावर ती जागची हलेनाशी झाली, की मूळ वेलीपासून कापून घ्यावी. या गॅलरीतली दुसरी कुंडी अशीच भरली आहे.