पाणी, प्याला आणि उपासना

(दृश्य: नाब्लूस शहराजवळची याकोबाची विहीर, मागे गरिज्जीम डोंगर)

खऱ्या उपासनेविषयी येशू ख्रिस्ताने केलेले सर्वांत स्पष्ट विधान मंदिरात किंवा सभास्थानात केलेले नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायाप्रमाणे ते शोमरोन (समारिया) प्रांतातील सुखार गावाबाहेर, भर दुपारी, विहिरीच्या काठावर, एकटीच पाणी भरायला आलेल्या एका बाईशी बोलताना केले आहे. बाईचा प्रश्न त्या काळी धगधगता होता: आमच्या पूर्वजांनी या डोंगरावर उपासना केली आणि तुम्ही यहूदी म्हणता की यरुशलेम हेच खरे स्थान, मग बरोबर कोण? गरिज्जीमवरचे शोमरोन्यांचे मंदिर यहूदी राज्यकर्ता योहान हुर्कान याने ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस उद्ध्वस्त केले होते, त्यामुळे त्या साध्या वाटणाऱ्या प्रश्नामागे कित्येक पिढ्यांची जखम होती. येशूने दोन्ही स्थळांचा वाद बाजूला ठेवला आणि सांगितले की, खरे उपासक पित्याची उपासना आत्म्याने व खरेपणाने करतील अशी वेळ येत आहे, किंबहुना आलीच आहे.

मराठी मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या उपासक-समुदायांत, हे वचन लहान मुलांनाही पाठ असते. मात्र या संभाषणाची सुरुवात कशाने झाली, याकडे उपदेशात फार वेळ दिला जात नाही. येशूने आधी त्या बाईकडे पाणी मागितले. यहूदी पुरुष शोमरोनी बाईच्या भांड्यातले पाणी पिणार, याचे आश्चर्य सर्वप्रथम तिलाच वाटले आणि तिने ते बोलून दाखवले. ज्या महाराष्ट्रात पाणवठ्यावरून माणसांना दूर ठेवले गेले, ज्या महाराष्ट्रात महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, तेथील श्रोत्यांना या प्रसंगावर वेगळे भाष्य लागू नये. उपासनेची गोष्ट निघण्यापूर्वी विटाळाची रेघ ओलांडली गेली होती, आणि हा क्रम आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

(दृश्य: अहिल्यानगरमधील एक जुने चर्च, हार्मोनियम, तबला, टाळ)

अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथे अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले. सुरुवातीच्या उपासना परदेशी वळणाच्या होत्या. गीते इंग्रजीवरून केलेली, चाली पाश्चात्त्य, आणि मराठी शब्दांतील ऱ्हस्वदीर्घ त्या चालींत बसवताना गाणाऱ्यांची होणारी ओढाताण ऐकणाऱ्यालाही कळावी अशी. खेड्यातून आलेल्या, ओवी आणि अभंग कानांत घेऊन वाढलेल्या माणसाने त्या गीतांत मन कसे ओतावे, हा प्रश्न खुद्द मिशनच्या लोकांनाही पडला होता. कृष्ण रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली. पुढे १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक अहमदनगरला आले आणि मराठी मंडळीच्या तोंडी तिचे स्वतःचे गाणे आले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे मानणाऱ्या या कवीने येशूला माउली म्हणून हाक मारली. त्यांची शंभरावर गीते आजही मंडळीच्या गीतसंग्रहात आहेत, आणि रविवारी पाळकांनी क्रमांक सांगितला की वयस्कर सभासद पुस्तक न उघडताच गायला लागतात.

ही कथा मराठी ख्रिस्ती समाज अभिमानाने सांगतो, आणि तो अभिमान रास्तच आहे. तरीही गाणे बदलणे हा भाग त्यातल्या त्यात सोपा होता, असे म्हणावे लागेल. स्वतः टिळकांनाही केवळ भजनांवर समाधान मानता आले नाही. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला, ज्यात बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बसता यावे, अशी त्यांची कल्पना होती. दोन वर्षांत, १९१९ साली, त्यांचे निधन झाले आणि तो प्रयोग पुरता रुजण्याआधीच थांबला.

(दृश्य: प्रभुभोजनाचे मेज, पांढरा कपडा, भाकर, प्याला)

अवघड भाग होता तो या मेजाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ मंडळीने एकत्र घ्यायच्या भाकरी-प्याल्याचा. अहमदनगर परिसरातील मंडळ्यांत महार आणि मांग समाजांतून माणसे आली, थोडे ब्राह्मणही आले, आणि या सर्वांनी एका भाकरीचा तुकडा घ्यावा व एका प्याल्याला ओठ लावावेत, अशी अपेक्षा होती. ब्राह्मणाला ते जड गेले हे कोणालाही कळेल. परंतु अस्पृश्य ठरवलेल्या जातींमध्येही आपापसांत उच्चनीचता होती, हे बाहेरचे लोक सहज विसरतात. लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर काही वर्षे त्या दूर राहिल्या. पुढे अहमदनगरला एकत्र आल्यावरही त्यांनी आपले सोवळेओवळे काही काळ जपले, आणि मग जातिभेद हा देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, अशा निष्कर्षाला स्वतःच्या विचाराने येऊन ते सोडले. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. म्हणजे सोवळे आधी सुटले आणि बाप्तिस्मा मागून आला, विहिरीकाठचाच क्रम.

पहिल्या शतकातील करिंथ या ग्रीक शहराच्या मंडळीलाही हे मेज अवघड गेले होते. येशूचा प्रेषित पौल याने त्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात याची तक्रार आहे. सवड असलेले सधन लोक आधी येऊन आपापले जेवण उरकत, आणि ज्यांच्या घरी काही नाही ते उपाशी राहत. एक भुकेला तर दुसरा प्यालेला. पौल त्यांना गाण्यांविषयी किंवा प्रार्थनेच्या शब्दांविषयी बोल लावत नाही. तुम्ही खाता ते प्रभूचे भोजनच नव्हे, इतक्या कडक शब्दांत तो सुनावतो, आणि शेवटी अगदी व्यावहारिक सूचना देतो: जेवायला एकत्र याल तेव्हा एकमेकांची वाट पाहा.

(दृश्य: केडगाव, मुक्ती मिशनचा परिसर)

दौंडजवळच्या केडगावात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, १९०५ च्या जूनमध्ये प्रार्थनेचे वेगळेच वारे वाहिले. शेकडो मुली आणि स्त्रिया एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, पापांची कबुली देऊ लागल्या. शिस्तबद्ध, एकामागून एक अशा प्रार्थनेची सवय असलेल्या अनेकांना हा गोंगाट खटकला. आजही आपल्याकडे शांत उपासना खरी की टाळ्या वाजवून केलेली, असा वाद घराघरांत चालतो. तरुण मुले गिटार मागतात आणि आजोबा जुना क्रमांक मागतात. केडगावच्या उपासनेचा निवाडा करायचा तर त्या आवाजाबरोबरच तेथील छापखान्यातही डोकवावे लागते. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून वाचवून आणलेल्या, पूर्वी अक्षरओळखही नसलेल्या स्त्रिया तेथे शिशाचे खिळे जुळवत होत्या, छपाई करत होत्या. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, खेड्यातल्या बाईला समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर करत होत्या, आणि १९२२ साली मृत्यू येईपर्यंत त्या त्याच कामात होत्या. त्या छापखान्याला उपासनेबाहेरचे काम म्हणणे आम्हांला जमत नाही.

(दृश्य: सुगीचा सण, चर्चच्या अंगणातील लिलाव)

नगर जिल्ह्यातील खेड्यांत सुगीच्या सणाला वेदीपुढे ज्वारीची कणसे, बाजरी, ऊस, शेवग्याच्या शेंगा, अंड्यांची परडी, पाय बांधलेली कोंबडी असे सगळे मांडले जाते. उपासना झाली की अंगणात लिलाव होतो. एकवार, दोनवार, तीनवार असे पुकारत एखादा भोपळा बाजारभावाच्या अनेक पट किमतीला जातो, घेणारा तो पुन्हा मंडळीलाच देतो आणि त्याचा पुन्हा लिलाव होतो. हसणे, चढाओढ, भावकीतल्या कोपरखळ्या यांनी अंगण भरून जाते. या आनंदाला नावे ठेवणे करंटेपणाचे होईल. फक्त अधूनमधून भक्तीपेक्षा प्रतिष्ठाच बोली लावते आहे, असे पाहणाऱ्याला जाणवते. मोठ्या बोलीचे नाव ध्वनिक्षेपकावरून दोनदा घेतले जाते. अंडी आणणारी बाई कोण, हे बहुधा शेजारणीलाच ठाऊक असते. मंदिराच्या भांडारात दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेकडे येशूने शिष्यांचे लक्ष मुद्दाम वेधले होते, ते अशाच गर्दीत.

त्याच्याही सातशे-आठशे वर्षे आधी तकोवाचा मेंढपाळ आमोस बेथेलच्या देवस्थानात उभा राहून याहून कठोर बोलला होता. तुमचे सण मला आवडत नाहीत, तुमच्या गीतांचा गलबला दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या, असे देवाच्या वतीने त्याने ठणकावले. तेथील याजकाने त्याला आपल्या देशी निघून जायला सांगितले. आमोसच्या काळी इस्राएलात पैशाची सुबत्ता होती, सण थाटात होत होते, आणि जोड्यासाठी गरिबाला विकले जात होते.

सुगीच्या दानाचे पुढे काय झाले, हे मंडळीच्या वार्षिक सभेत कळते. रंगरंगोटीला किती, ध्वनियंत्रणेला किती, आजारी आणि निराधार सभासदांना किती, असे आकडे खजिनदार ओळीने वाचून दाखवतात. ही सभा बहुतेक ठिकाणी उपासना संपल्यावर भरते, आणि शेवटच्या आकड्यापर्यंत अर्धी बाके रिकामी झालेली असतात.