पाणबुडीवाल्या पोरांचे आईबाप

हे ग्रोटन. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात थेम्स नदीच्या काठावर वसलेलं. आणि नदीतून तो काळा लांबुळका आकार समुद्राकडे सरकतोय ना, ती पाणबुडी, जवळपास ११५ मीटर लांब, आत सव्वाशेच्या वर माणसं आणि त्यातली कितीतरी जेमतेम विशीतली पोरं. आज आपण टॉर्पेडो, इंजिन वगैरेवर फार बोलणार नाहीये. या पोरांचे आईवडील, कोणी टेक्सासमध्ये कोणी ओहायोत, समुद्रापासून कुठच्या कुठे लांब, ते हा ट्रेनिंगचा काळ कसा काढतात ते बघायचंय.

सुरुवात होते ग्रेट लेक्सला. शिकागोच्या उत्तरेला मिशिगन सरोवराच्या काठावर अमेरिकन नेव्हीचा बूट कॅम्प, म्हणजे नव्या भरतीचं पहिलं ट्रेनिंग, साधारण ९-१० आठवड्यांचं. पोहोचल्यावर मुलाचा एक फोन येतो, मी नीट पोहोचलो, बास, दोन वाक्यांत संपतो. आणि काल रात्रीपर्यंत ज्याला जेवायला हाका मारत होतो त्याच्याशी बोलायचं तर आता कागद-पेन घेऊन बसायचं. कितीतरी आईवडिलांनी आयुष्यात कधी कोणाला पत्र लिहिलेलं नसतं. त्यात मुलाची पहिली पत्रं बऱ्याचदा रडवेली असतात, मला नाही जमणार, चूक केली मी, असं काहीतरी, आणि ते पत्र पोस्टाने घरी येईपर्यंत चार-पाच दिवस गेलेले असतात, तोवर तो तिकडे रुळलेला पण असतो. पण आईला कुठे माहीत असतं ते, ती आज वाचत असते ना, तिच्यासाठी तो आजच रडतोय.

मग लिहायचं काय? आधीच्या मुलांचे आईवडील नव्यांना सांगतात ते मला एकदम पटतं. घरातलं साधंसुधं लिहा. कुत्र्याने काय उद्योग केले, धाकटीचा पेपर कसा गेला, मॅचमध्ये कोण जिंकलं. तुझ्याशिवाय घर खायला उठतं हे खरं असतं पण ते नका लिहू, कारण त्याच्याकडे त्या वाक्याचं काही करता येण्यासारखं नसतं, तो फक्त ते डोक्यात घेऊन झोपायला जातो.

शेवटी बॅटल स्टेशन्स, म्हणजे रात्रभर चालणारी परीक्षा, इमारतीच्या आत उभारलेल्या एका खोट्या जहाजावर आग, पूर, जखमी माणसं सगळं हाताळायचं. ती पार पडली की डोक्यावरची रिक्रूट लिहिलेली टोपी जाते आणि नेव्ही लिहिलेली येते. मग परेड, आणि तिथे आईवडिलांना मुलगा दिसतो आणि पहिल्यांदा ओळखूच येत नाही.

तिथून ग्रोटन, पाणबुडीची शाळा. एक गोष्ट लक्षात घ्या, अमेरिकेत पाणबुडीवर सगळे स्वखुशीने जातात, कोणाला जबरदस्तीने पाठवत नाहीत. म्हणून घरच्यांचा प्रश्न जास्त टोकदार होतो, बाबा रे एवढी जहाजं असताना पाणबुडीच का? मेडिकल होतं, मानसिक चाचणी होते, बंद जागेत, आठवडेच्या आठवडे उन्हाशिवाय हा माणूस राहू शकेल का ते बघतात. आणि एस्केप ट्रेनर असतो. दाब वाढवलेल्या पाण्यात, अंगभर सूट घालून, खालून वर यायचं. याचा व्हिडिओ आईने बघितला की तिची झोप उडालीच म्हणून समजा.

तो ट्रेनर ज्या इमारतीत आहे तिला मॉमसेन हॉल म्हणतात. चार्ल्स मॉमसेन हा नेव्हीतला अधिकारी. २३ मे १९३९ ला स्क्वॉलस नावाची पाणबुडी चाचणीच्या वेळी बुडाली, साधारण ७३ मीटर खोल. २६ जण गेले. पण ३३ जण जिवंत होते आणि मॉमसेनच्या देखरेखीखाली घंटेच्या आकाराचं रेस्क्यू चेंबर खाली सोडून त्या सगळ्यांना वर काढलं. तोपर्यंत पाणबुडी खोल बुडाली म्हणजे संपलं असंच धरून चालायचे.

भीतीचं दुसरं नाव थ्रेशर, ही पण बुडालेली पाणबुडीच. १० एप्रिल १९६३, १२९ माणसं, एकही वाचला नाही. त्यानंतर त्याच वर्षी सबसेफ नावाची व्यवस्था आली, म्हणजे ज्या ज्या ठिकाणाहून समुद्राचं पाणी आत घुसू शकतं तिथला पाईप, जोड, वेल्डिंग, सगळ्याची तपासणी आणि सगळ्याची कागदोपत्री नोंद. १९६८ मध्ये स्कॉर्पियन बुडाली, तिला ते सर्टिफिकेट नव्हतं. सबसेफ सर्टिफिकेट असलेली अमेरिकेची एकही पाणबुडी आजवर बुडालेली नाही. मला वाटतं ‘काळजी करू नका’ असं शंभर वेळा सांगण्यापेक्षा ही एक माहिती आईवडिलांच्या हातात दिलेली बरी.

शाळा संपली म्हणजे सुटला असं घरच्यांना वाटतं, पण खरं ओझं बोटीवर (पाणबुडीला बोटच म्हणतात) गेल्यावर सुरू होतं. क्वालिफिकेशन. त्याचं स्वतःचं काम रडारचं असो नाहीतर स्वयंपाकघरातलं, त्याला अख्खी पाणबुडी पाठ हवी, कुठला व्हॉल्व्ह कुठे, हवा कुठून, वीज कुठून, कारण आग लागली तर जो जवळ असेल त्यानेच विझवायची, फायर ब्रिगेड येणार नसते. एकेका सिस्टीमवर जाणकाराची सही घ्यायची, शेवटी बोर्डासमोर तोंडी परीक्षा, साधारण वर्ष जातं यात. मग छातीवर डॉल्फिनचा बॅज लागतो. (आपल्याकडे विशाखापट्टणमला आयएनएस सातवाहनमध्ये पाणबुडीचं ट्रेनिंग होतं, आणि आपल्या पाणबुडीवाल्यांच्या बॅजवर पण डॉल्फिनच असतात.) या वर्षात मुलगा फोनवर चिडचिडा होतो, एका शब्दात उत्तरं देतो, झोप झालेली नसते. घरच्यांना वाटतं आपलं काही चुकलं का. नाही चुकलं हो, तो मागे पडलाय आणि त्याला सह्या पाहिजेत एवढंच असतं.

आणि मग शांतता. बोट गेली की गेली. कधी निघाली, कुठे चालली, कधी येणार हे आईने शेजारणीला पण सांगायचं नसतं, इंटरनेटवर तर अजिबात नाही. अण्वस्त्रं घेऊन फिरणाऱ्या ज्या मोठ्या पाणबुड्या आहेत, जॉर्जियातल्या किंग्ज बे आणि वॉशिंग्टन राज्यातल्या बँगोरच्या, त्या तर गस्तीवर जवळपास गप्पच राहतात. ईमेल चालतो, पण बोटीला जमेल तेव्हा, दहा एकदम पोहोचतात, मागचापुढचा क्रम नाही. म्हणून जाणते आईवडील प्रत्येक ईमेलला नंबर टाकतात, म्हणजे त्याला कळतं की सातवा आला, पाचवा अजून यायचाय. काही घरं निघायच्या आधी एक खोका भरून देतात, गस्त अर्धी संपली त्या रात्री उघडायचा, फोटो, चिठ्ठ्या, त्याच्या आवडीचं काहीतरी.

घरी काही वाईट घडलं तर? ते ईमेलमध्ये सरळ लिहून टाकायचं नसतं. अमेरिकन रेड क्रॉसला कळवायचं, ते खातरजमा करून बोटीच्या वरिष्ठांपर्यंत पोहोचवतात. आणि बोटीचा ओम्बुड्समन असतो, १९७० पासूनची पद्धत आहे ही, बहुतेक वेळा नाविकाचीच बायको किंवा नवरा, घरच्यांना अधिकृत बातमी देणारा माणूस. पण आईवडिलांचं नाव ओम्बुड्समनच्या यादीत मुलाने स्वतः द्यावं लागतं, तर निघायच्या आधीच त्याच्या मागे लागा, नंतर तो हाताशी नसतो.

एक गोष्ट मात्र कोणी फारशी बोलत नाही. सगळीच मुलं पाणबुडीपर्यंत पोहोचत नाहीत. कोणाचा कान दाबाला साथ देत नाही, कोणी शाळेत नापास होतो, कोणाला बोटीवर गेल्यावर कळतं की त्या बंद नळीत आपल्याला श्वास घेता येत नाहीये. त्याला दुसऱ्या कामावर, बहुतेक वेळा पाण्यावरच्या जहाजावर पाठवतात. आणि ते घरी सांगायला तो सगळ्यात जास्त घाबरतो, कारण बाबांनी गाडीवर पाणबुडीचा स्टिकर लावलेला असतो, आईने सगळ्या नातेवाइकांना सांगून झालेलं असतं. असा फोन आला तर आधी त्याचं पूर्ण ऐकून घ्या, मध्ये काही बोलू नका, का कसं ते नंतर कधीतरी विचारा. फोन ठेवायच्या आधी नव्या जहाजाचा पत्ता तेवढा नीट लिहून घ्या, त्या आठवड्याचं पत्र तिकडे पाठवायचंय.