मध: जखमेवर कोणता, त्वचेवर कोणता

श्रोतेहो, नमस्कार.

थंडी पडली की आपल्या खान्देशात शेतोशेती भरताच्या पार्ट्या रंगतात. तुरीच्या नाहीतर कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, वाफ निघत असतानाच सालं सोलायची, आणि या घाईत कुणाची ना कुणाची बोटं पोळतातच. खापरावर मांडे टाकणाऱ्या बायकांच्या मनगटाला चटके बसतात ते वेगळेच. मग घरातून मधाची बाटली बाहेर येते. भाजलेल्या जागी मध गुण देतो, हे खरं आहे. पण कोणता मध, कधी आणि कसा, हे नीट कळलं नाही तर त्याच मधाने जखम चिघळू शकते.

पहिली गोष्ट म्हणजे भाजल्याबरोबर मध लावायचा नाही. आधी नळाखाली २० मिनिटं साधं गार पाणी सोडायचं. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई तर नकोच. कातडीत शिरलेली उष्णता आत काम करत राहते आणि भाजणं खोल जातं. ती उष्णता पाणी काढून घेतं, मध काढत नाही. फोड आले तर फोडू नका. भाजलेली जागा त्या माणसाच्या स्वतःच्या तळहाताएवढी किंवा मोठी असेल, चेहऱ्यावर किंवा सांध्यावर असेल, लहान मूल भाजलं असेल, किंवा कातडी पांढरी अथवा काळी पडून दुखायचीच थांबली असेल, तर घरी काहीही न लावता दवाखाना गाठा.

आता मध नेमकं करतो काय? चांगल्या पक्व मधात पाणी जेमतेम १७ ते २० टक्के असतं, बाकी बहुतेक साखरच. जंतूंना वाढायला पाणी लागतं आणि मध उलट त्यांच्याच अंगातलं पाणी ओढून घेतो. पक्क्या पाकातला मुरांबा वर्षभर टिकतो, त्याचंही कारण हेच. शिवाय मध आम्लधर्मी असतो, त्याचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ३.२ ते ४.५. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मधमाशी मधात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, मिसळते. जखमेच्या पाझराने मध थोडा पातळ झाला की हे विकर कामाला लागतं आणि हळूहळू, अगदी थोडं थोडं, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. जंतूंना ते पुरेसं असतं आणि एवढ्या कमी प्रमाणात नव्या कातडीला सोसतं. हे विकर उष्णतेने आणि उजेडाने मरतं. म्हणून मध उकळू नये आणि खिडकीतल्या उन्हात ठेवू नये. न्यूझीलंडच्या मानुका झुडपाच्या मधाची गोष्ट जरा निराळी. त्यात मिथाइलग्लायॉक्साल हा वेगळा जंतुनाशक घटक असतो, म्हणून दवाखान्यातल्या पुष्कळ मलमपट्ट्यांत तो वापरतात.

जखमेवर मध आणि तूप लावायची रीत सुश्रुतांपासूनची. पण आधुनिक पुरावासुद्धा आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. सोलापूरच्या वैशंपायन स्मारक वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १०४ भाजलेल्या रुग्णांवर केलेला अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध केला. निम्म्या रुग्णांना मधात भिजवलेलं गॉज, निम्म्यांना भाजण्यावरचं नेहमीचं सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम. मधाच्या गटातल्या जखमा लवकर भरल्या. पुढे २०१५ साली झालेल्या मोठ्या आढाव्यातही वरवर ते मध्यम खोल भाजलेल्या जखमा मधाने नेहमीच्या पट्टीपेक्षा चार-पाच दिवस आधी भरतात, असं दिसलं. बाकी सगळ्या जखमांबद्दल मात्र इतका ठाम पुरावा नाही.

जखमेवर स्वयंपाकघरातला मध चालत नाही, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवा. सातपुड्यातून बाजारात येणारा आग्या मोहोळाचा मध खायला उत्तम, पण पोळं पिळून काढलेल्या मधात मेण, पराग, अळ्यांचा रस, सगळंच उतरतं. शिवाय कोणत्याही कच्च्या मधात जंतूंचे बीजाणू झोपलेले असू शकतात. मोठ्या माणसाच्या पोटात गेले तर बिघडत नाही, उघड्या जखमेत जायला नकोत. औषधी मध बारीक गाळून गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, कारण उकळून निर्जंतुक केला तर विकर मरेल. मेडिकल दुकानात नळी घेताना ती निर्जंतुक आहे आणि जखमेसाठीच आहे, असं वेष्टनावर छापलंय का, ते वाचूनच घ्या.

पट्टी अशी करा. हात साबणाने धुवा. जखम सलाईनने किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा. मध जखमेवर ओतू नका, अंगाच्या उष्णतेने तो पातळ होऊन ओघळतो. आधी निर्जंतुक गॉजला लावा आणि ते गॉज जखमेवर ठेवा. दहा सेंटिमीटर लांब-रुंद गॉजला साधारण २० मिलिलिटर, म्हणजे चार चहाचे चमचे मध लागतो. एवढा लागतो का, असं वाटेल. पण कमी लावला तर पाझर त्याला पार पातळ करून टाकतो आणि मग उरतं ते साखरपाणी. गॉज जखमेच्या कडेपलीकडे बोटभर जाऊ द्या, वर कोरडा पॅड, त्यावर बँडेज.

पहिले दोन-तीन दिवस पट्टी रोज बदला, फार पाझरत असेल तर दिवसातून दोनदा. पाझर आटला की दोन-तीन दिवसांनी बदलली तरी चालते. गॉज चिकटलं तर ओढू नका, सलाईनने भिजवून अलगद सोडवा. ओढलं की नवी आलेली नाजूक कातडी त्याच्याबरोबर निघते. जखमेभोवतालची चांगली कातडी पांढरी आणि सुरकुतलेली दिसू लागली, तर ओल जास्त होतेय. तिथे व्हॅसलिनचा पातळ थर द्या आणि पट्टी लवकर बदला. लावल्यावर थोडं चुरचुरतं, ते आम्लामुळे. चुरचुर थांबलीच नाही तर धुऊन टाका. लाली पसरत गेली, ताप आला, पू घाण वास मारू लागला, तर मध बंद आणि डॉक्टर. मधमाशीची किंवा परागांची ॲलर्जी असणाऱ्यांनी मध लावू नये. शेतात लागलं असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं आधी विचारा. मधुमेह्याच्या पायाच्या जखमेवर घरच्या घरी मधाचे प्रयोग तर अजिबात करू नका. वेळ गेला की बोट जातं, कधी पाय जातो.

कातडी फुटलेली नसेल तिथे मात्र घरचा चांगला मध चालतो. आपल्याकडच्या कोरड्या हवेत टाचा भेगाळतात. पाय दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, पुसा, दोन चमचे मधात एक चमचा ग्लिसरीन कालवून लावा आणि सुती मोजे घाला. अर्ध्या तासाने धुऊन वर व्हॅसलिन. हे शेवटचं झाकण विसरलात तर ओलावा हवेत उडून जातो. भेगेतून रक्त येत असेल तर हा उपाय नाही. कपाशी वेचून बोटं खरखरीत होतात त्यांनाही हाच लेप, पण आधी हात साबणाने दोनदा स्वच्छ धुवा. बोटांवर फवारणीचं औषध राहिलं आणि त्यावर लेप बसला, तर ते औषध कातडीत जास्त मुरतं.

चेहऱ्याला एक चमचा मध, दहा-पंधरा मिनिटं, कोमट पाण्याने धुवा. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ तास पाहा. त्यात लिंबू पिळू नका. लिंबाचा रस लावून भुसावळच्या उन्हात गेलात तर काळे डाग पडतात, कधी फोडही येतात. मुरमांबाबत जास्त आशा ठेवू नका. न्यूझीलंडमधल्या एका चाचणीत नुसता जंतुनाशक साबण आणि साबणाबरोबर औषधी मध, यांत काही फरक दिसला नाही.

खोकल्याला रात्री झोपताना मध द्या. एक ते पाच वर्षांच्या मुलाला अर्धा चमचा, सहा ते अकरापर्यंत एक, त्यापुढे दोन. मधुमेह्यांनी चमच्यामागे पाच-सहा ग्रॅम साखर मोजावी. थंडीत मध थिजला म्हणजे तो भेसळीचा, असं नाही. त्यातलं ग्लुकोज खडे धरतं. बाटली कोमट पाण्यात ठेवा, पाणी हाताला सहज सोसेल इतकंच ऊन असू द्या.

आणि घराघरांतल्या आज्यांना, आत्यांना हात जोडून विनंती. बाळ जन्मलं की मध चाटवायची रीत मायेपोटीच आली आहे, पण एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मधाचं बोटही लावू नका. घुटीत नको, चोखणीवर नको. मधातले बॉट्युलिझम या अंग लुळं पाडणाऱ्या आजाराचे बीजाणू तान्ह्याच्या आतड्यात उगवतात आणि विष तयार करतात. घरी उकळून ते मरत नाहीत. चुकून दिला गेला असेल तर पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. शी होत नाही, रडणं क्षीण झालंय, अंगावर ओढता येत नाही, मान लुळी पडतेय, पापण्या मिटतायत, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी बाळाला मोठ्या रुग्णालयात न्या, आणि मध चाटवला होता हे डॉक्टरांना सर्वांत आधी सांगा.